फुल इंजिन काम आणि टर्बो बसवल्यानंतर गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर पडते. इंजिन उघडण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न
होटगी रोड, सोलापूर

नमस्कार. माझ्याकडे वडिलांच्या वेळची जीप आहे. तिला २५२३ सीसीचे, चार सिलिंडरचे, डायरेक्ट इंजेक्शनचे साधे डिझेल इंजिन आहे. गेल्या दिवाळीपासून ते धूर सोडू लागले आणि ऑइलही खाऊ लागले, म्हणून फुल इंजिनाचे काम काढले. काम निघालेच आहे तर त्याच जातीच्या नंतरच्या इंजिनावरचा टर्बोही बसवून घ्यावा, असे ठरले. ब्लॉक पहिल्या ओव्हरसाइझला बोअर केला, क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग) ०.२५ आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉड बसतो ते जर्नल) ०.५० मिलिमीटर अंडरसाइझला ग्राइंड केले, शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) आणि कॅम बुश नवे घातले. ऑइल पंप मात्र जुनाच धुऊन बसवला. टर्बोला ऑइल देण्यासाठी प्रेशर स्विचच्या भोकात टी बसवली असून तिच्या एका तोंडावर मीटरचा सेन्सर आणि दुसऱ्या तोंडावर टर्बोची नळी आहे. दिव्याच्या स्विचलाही तिथेच आणखी एक फाटा काढला आहे. परतीच्या नळीसाठी चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) वेल्डिंग करून नवे तोंड केले आणि डिझेल पंपाचे डिझेल थोडे वाढवले.

सकाळी थंड इंजिनावर मीटर ४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाखवते. तुळजापूरचा घाट चढून परत सोलापुरात आलो, की सात रस्त्याला गाडी थांबवल्यावर आयडलिंगला काटा ०.५ वर येऊन टेकतो आणि लाल दिवा लुकलुकू लागतो. ताशी ६० च्या वेगाला, म्हणजे साधारण २००० आरपीएमला, तो जेमतेम १.८ पर्यंत चढतो. काम करण्यापूर्वी, ऑइल खाणाऱ्या त्याच इंजिनाचे गरम आयडलिंगचे प्रेशर १.५ आणि त्याच वेगाला ३.५ असे. ऑइल तेव्हाही १५ डब्ल्यू ४० होते आणि आताही तेच आहे.

ज्या गॅरेजमध्ये काम केले त्यांचे म्हणणे असे, की टर्बो बसवल्यावर एवढे प्रेशर पडायचेच, २० डब्ल्यू ५० ऑइल घाला, आणि तरीही दिवा लागला तर स्विचची वायर काढून टाका. या शेवटच्या सल्ल्याने मी फार अस्वस्थ झालो आहे. या इंजिनात पैसा गेला आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे ही गाडी मला टिकवायची आहे. पुन्हा इंजिन उतरवण्याआधी बाहेरून काय काय तपासता येईल, आणि त्याचा क्रम कोणता असावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर
निवृत्त आयटीआय निदेशक, डिझेल मेकॅनिक

तुम्ही थंड, गरम, आयडलिंग आणि वेगातले असे चारही आकडे दिलेत, त्यामुळे निम्मे काम सोपे झाले. ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे ढकलतो. त्या ऑइलला बेअरिंगच्या फटींतून बाहेर पडताना जेवढा अडथळा होतो, तेवढे प्रेशर गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, उभे राहते. म्हणून प्रेशर कमी झाले याचा अर्थ एक तर पंप पुरेसे ऑइल ढकलत नाही, किंवा ऑइलला बाहेर पडायला जास्त वाट मिळाली आहे, किंवा ऑइलच पातळ झाले आहे, किंवा मीटर चुकीचे सांगत आहे. या चौघांपैकी शेवटची शक्यता सर्वांत स्वस्तात तपासता येते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

तुमच्या वर्णनात मला सर्वांत जास्त खटकली ती टी. प्रेशर स्विचचे भोक बारीक असते, कारण तिथून ऑइल वाहत जावे अशी अपेक्षाच नसते. तिथे फक्त दाब पोहोचायचा असतो. आता त्याच भोकातून टर्बोचे ऑइल सतत वाहते आहे. आपल्याकडे पाणी येते त्या दिवशी खालची तोटी पूर्ण सोडली की त्याच पाइपावरच्या वरच्या मजल्याची धार बारीक होते, पण रस्त्यातल्या मुख्य लाइनीतला दाब तेवढा पडलेला नसतो. तुमचा सेन्सर त्या वरच्या मजल्याच्या तोटीवर बसला आहे. गॅलरीत खरोखर किती प्रेशर आहे, हे तो सांगूच शकत नाही.

म्हणून पितळी नळीचे साधे मेकॅनिकल गेज आणा, ० ते ७ किलोच्या मापाचे, आणि ते टी वर न लावता मुख्य गॅलरीच्या वेगळ्या प्लगच्या जागी लावा. टर्बोची नळी आहे तशीच राहू द्या. चाचणीपुरतीसुद्धा ती बंद करून इंजिन चालवू नका. टर्बोची दांडी ऑइलच्या थरावर तरंगते आणि तो थर गेला की काही सेकंदांत तिचे बुश घासले जातात. गाडी किमान अर्धा तास रस्त्यावर चालवून मगच आकडे घ्या. उभ्या गाडीत रेडिएटरचे पाणी तापते, पण ऑइल तेवढे तापत नाही, आणि त्या अर्धवट गरम ऑइलवर घेतलेला आकडा मनाचे समाधान करण्यापलीकडे काही कामाचा नसतो.

आता लक्षणांविषयी. थंड असताना ४ किलो येते, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) उघडा अडकलेला असण्याची शक्यता कमी; तो अडकला असता तर थंडीतही काटा वर गेला नसता. स्ट्रेनरच्या (पंपाच्या तोंडावरच्या जाळीच्या) जोडातून पंप हवा ओढत असता तर काटा थरथरला असता, सकाळी दिवा विझायला वेळ लागला असता, आणि वेग वाढवल्यावर प्रेशर चढण्याऐवजी पडले असते. तुमच्याकडे थंडीत चांगले, गरमीत आयडलिंगला वाईट आणि वेगाबरोबर चढणारे, असे चित्र आहे. हे ऑइलला कुठेतरी जास्त वाट मिळाल्याचे लक्षण आहे. ती वाट बेअरिंगमध्ये असेल, कॅम बुशात असेल किंवा टर्बोच्या नळीत असेल. पिस्टनच्या खाली ऑइल फवारणारे जेट बसवले असतील तर तेही सांगा. त्यांना प्रेशरवर उघडणारा व्हॉल्व्ह नसेल तर आयडलिंगलाही ते उघडेच राहतात.

दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने तुमचे २००० आरपीएमचे १.८ किलो उत्तीर्ण ठरते, आणि गॅरेजवाले बहुधा त्याच आधारावर निर्धास्त असतील. मला हा ठोकताळा इथे मान्य नाही. याच इंजिनाने, याच ऑइलवर, झिजलेल्या अवस्थेत ३.५ दिले होते. नव्या शेलवर त्याने निम्मे द्यावे, हे तपासल्याशिवाय सोडण्यासारखे नाही.

घट्ट ऑइलाबद्दलही थोडे. १५ डब्ल्यू ४० ऑइल ४० अंशांना साधारण ११० सेंटिस्टोक (ऑइलच्या घट्टपणाचे माप) असते आणि १०० अंशांना १४-१५ वर येते, म्हणजे तापण्यानेच ते सातपट पातळ होते. टर्बोमुळे ऑइल पूर्वीपेक्षा अधिक तापते, त्यामुळे प्रेशर थोडे उतरणे स्वाभाविक आहे. ५० ग्रेडचे ऑइल १०० अंशांना १६.३ च्या वर राहते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो, तेव्हा २० डब्ल्यू ५० वापरणे चूक नाही, पण ते कारण सापडल्यानंतरचा निर्णय म्हणून. कारण शोधायच्या आधी घातले तर काटा वर जाईल आणि फट तशीच राहील. स्विचची वायर मात्र कोणीही सांगितले तरी काढू नका.

उत्तर
क्रँक ग्राइंडिंगवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी

सरांनी गेजचे सांगितले ते आधी करा. गेजवरही प्रेशर कमीच आले, तर माझा संशय थेट क्रँकवर जाईल, आणि ग्राइंडिंग हाच माझा धंदा असल्यामुळे त्यात कुठे काय चुकते ते मोकळेपणाने लिहितो.

बेअरिंगच्या फटीतून होणारी गळती फटीच्या प्रमाणात वाढत नाही, ती घनाने वाढते. ०.०६ ची फट ०.१२ झाली तर त्या बेअरिंगमधून दुप्पट नव्हे, आठपट ऑइल पडते. म्हणून चारपैकी एक-दोन बिग एंड जरी ढिले निघाले, तरी सगळ्या इंजिनाचे प्रेशर ओढले जाते, आणि तेवढ्या फटीला इंजिन अजून ठोकतही नाही. गिऱ्हाइकाला आवाज येत नाही, म्हणून काम बरोबर झाले असे वाटते.

जर्नल ढिले होण्याची कारणे साधी आहेत. एखाद्या जर्नलवर खोल ओरखडा असतो, तो ०.५० ला निघत नाही, आणि पुढच्या मापाचे शेल आणण्याऐवजी कारागीर त्याच मापात आणखी चार-पाच शतांश मिलिमीटर खाली उतरतो. दुसरे, दगडाची धार नीट केलेली नसेल तर जर्नल एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होते. मध्यावर मोजले तर माप बरोबर दिसते. तिसरे कारण उष्णतेचे. ६० मिलिमीटरचे पोलादी जर्नल २० अंशांनी अधिक गरम असेल तर ते सुमारे १४ मायक्रॉन मोठे भरते. उन्हाळ्यात दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, दगडाखालून नुकतेच निघालेले जर्नल मोजून 'माप आले' म्हणून थांबले, तर रात्री ते थंड झाल्यावर तेवढेच लहान भरणार. आम्ही शेवटचे माप क्रँक आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच टेबलावर रात्रभर ठेवून सकाळी घेतो. गिऱ्हाइकाला घाई असली तरी घेतो.

कॅम बुशही विसरू नका. बुशाचे भोक ब्लॉकच्या भोकासमोर आले पाहिजे. अर्धे झाकले गेले तर पुढचा भाग उपाशी राहतो. आणि ब्लॉक धुताना गॅलरीचे प्लग काढले असतील तर ते सगळे परत बसले का, हेही विचारा. टायमिंग कव्हरच्या आतला एखादा प्लग राहून गेला तर बाहेर थेंबही दिसत नाही, सगळे ऑइल आतल्या आत चेंबरमध्ये पडत राहते.

क्रँक न उतरवता फट मोजायची असेल तर चेंबर उतरवून बिग एंडची एकेक कॅप खोला आणि फट मोजण्याचा मेणासारखा प्लास्टिकचा धागा वापरा. जर्नल आणि शेल पुसून कोरडे करा, धागा जर्नलच्या लांबीने ठेवा, कॅप टॉर्क पान्याने पूर्ण टॉर्कला घट्ट करा आणि क्रँक अजिबात फिरवू न देता परत खोला. धागा जितका पसरट दबला तितकी फट कमी. त्याची रुंदी पाकिटावरच्या पट्ट्यांशी ताडून पाहिली की आकडा मिळतो. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसला, तर जर्नल निमुळते आहे असे समजा.

उत्तर
शेतकरी, मंगळवेढा तालुका

वरच्या दोघांनी सांगितलेले योग्यच आहे, पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. माझ्या ट्रॅक्टरचे प्रेशर असेच उतरले होते आणि मी बेअरिंगच्या काळजीत होतो. डिपस्टिक पाहिली तर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी खुणेच्या वर गेली होती. डिझेल पंपाच्या आतल्या सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरत होते. तुमच्या पंपाचे काम झाले आहे आणि डिझेलही वाढवले आहे, म्हणून पातळी बघा, ऑइलचा वास घ्या, आणि एक थेंब साध्या टीपकागदावर टाकून तासाभराने पाहा. काळ्या डागाभोवती पातळ, फिकट, पसरत गेलेले कडे दिसले तर डिझेलचा संशय घ्यावा. शेजारी नव्या ऑइलचाही थेंब टाका, म्हणजे फरक कळेल.

प्रश्नकर्ता
होटगी रोड, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस एकेक गोष्ट तपासत होतो, ते क्रमाने लिहितो.

ऑइलची पातळी बरोबर खुणेवर आहे, वास नाही, आणि कागदावरचे दोन्ही डाग कडेने सारखेच दिसले. पिस्टनचे जेट बसवलेले नाहीत. टायमिंग कव्हरच्या आतले प्लग बसवले का, हे गॅरेजमध्ये विचारले. बसवले आहेत असे ते म्हणाले, परंतु पाहिल्याशिवाय मी ते धरून चालत नाही.

मग मेकॅनिकल गेज गॅलरीच्या मागच्या प्लगच्या जागी लावले आणि विजापूर रोडने मंद्रूपपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर आयडलिंगला गेजवर १.० आणि २००० आरपीएमला २.४ होते, त्याच वेळी डॅशबोर्डचे मीटर ०.५ आणि १.८ दाखवत होते. म्हणजे सरांनी म्हटल्याप्रमाणे टी अर्धा किलो किंवा थोडे अधिकच खोटे सांगत होती, पण खरे प्रेशरही पूर्वीपेक्षा कमीच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या निघाल्या. एकच कारण सापडेल या समजुतीत मी असतो, तर इथेच थांबलो असतो.

फिल्टर काढून हॅक्सॉने कापला, आतला कागद वर्तमानपत्रावर उलगडला आणि उन्हात धरून पाहिला. घड्यांमध्ये राखाडी रंगाची बारीक चमक आहे. चुंबकाला ती चिकटत नाही. तांबूस कण दिसले नाहीत.

टर्बोची नळी सोडली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. मूळ टर्बो इंजिनावर बारीक भोकाचा बँजो बोल्ट (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) असतो. माझ्या गाडीवर त्याऐवजी साधे युनियन आणि आतून ८ मिलिमीटरची नळी बसवली आहे. मूळ नळी आणि बोल्ट जुन्या बाजारातून मिळवून, स्वतंत्र भोकावरून जोडून पाहिले. गेजवर आयडलिंग १.२ आणि वेगात २.८ आले. आता चेंबर उतरवावे का?

उत्तर
निवृत्त आयटीआय निदेशक, डिझेल मेकॅनिक

उतरवा. तुम्ही केलेली तपासणी माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवावी अशी झाली आहे. राखाडी आणि चुंबकाला न चिकटणारी चमक ही बहुधा शेलच्या सर्वांत वरच्या मऊ थराची असते. तांबूस कण दिसत नाहीत, म्हणजे त्याखालचा तांब्याचा थर अजून उघडा पडलेला नसावा. तुम्ही वेळेत थांबलात. तोपर्यंत गाडी चालवू नका. चेंबर खाली आल्यावर नव्या वेल्डिंगच्या आतल्या बाजूला खपली राहिली आहे का, तेही बोट फिरवून पाहा, आणि पंपाचे झाकण काढून गिअर आणि झाकण यांच्यातली फट सरळपट्टी व फिलर गेजने मोजा. जुना पंप नुसता धुऊन बसवला आहे, हे मला पहिल्या दिवसापासून खटकते आहे.

प्रश्नकर्ता
होटगी रोड, सोलापूर

काम संपले, म्हणून शेवटचे आकडे लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

वेल्डिंगच्या आत तांदळाच्या कणीएवढी खपली होती. ती अजून सुटली नव्हती, पण बोटाने हलत होती. पहिल्या आणि चौथ्या बिग एंडवर धागा रुंद दबला होता आणि फट ०.०६ च्या आसपास भरली. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर तो इतका अरुंद राहिला, की मी कॅप नीट आवळली नाही असे वाटून दोन्ही पुन्हा मोजल्या. दोन्ही वेळा ०.१२ आले. शेलच्या पाठीवर ०.५० चा शिक्का चारही ठिकाणी बरोबर होता, म्हणजे शेल बरोबर होते आणि जर्नल खाली गेले होते. इंजिन उतरवून क्रँक दुसऱ्या ठिकाणी मोजायला दिला, तेव्हा त्यांनीही हेच सांगितले. तिसऱ्या जर्नलवर ओरखड्याची अस्पष्ट रेघ भिंगातून अजूनही दिसत होती. ती काढण्यासाठीच माप सोडून ग्राइंड केले असावे, असे त्यांचे मत पडले.

चारही बिग एंड एकाच मापाला, ०.७५ ला, ग्राइंड करून घेतले. जर्नलच्या कोपऱ्याची गोलाई कायम ठेवायला आणि ऑइलच्या भोकांच्या कडा मोडायला सांगितले. माप सकाळी, मी समोर असताना घेतले. टायमिंग कव्हर उघडल्यावर प्लगही स्वतः पाहिले, सगळे जागेवर होते. पंपाच्या झाकणावर गिअरने पाडलेली खोलगट चकती नखाला लागत होती, म्हणून झाकण काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट केले. चेंबर आतून घासून धुतले. पहिल्यांदा सुरू करण्याआधी पंपात पेट्रोलियम जेली भरली, स्टॉपची केबल ओढून धरली आणि गेजवर काटा हलेपर्यंत नुसता स्टार्टर मारला, म्हणजे टर्बोलाही कोरडे फिरावे लागले नाही.

परवा पुन्हा तुळजापूरला जाऊन आलो. ऑइल १५ डब्ल्यू ४० च आहे. परतल्यावर गरम इंजिनावर आयडलिंगला १.७ आणि २००० आरपीएमला ३.६ आले. पाचशे किलोमीटर झाले की ऑइल बदलून फिल्टर पुन्हा कापून पाहणार आहे. लाल दिव्याचा स्विच टर्बोच्या नळीपासून वेगळा करून गॅलरीच्या त्याच मागच्या भोकावर बसवला आहे. रोज सकाळी चावी फिरवल्यावर दिवा पेटतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, एवढे पाहूनच गाडी दाराबाहेर काढतो.